नाल्यापासून दारापर्यंत

वर्ध्याकडून आल्यापासून घरात जो येतो तो पिशवीत हात घालतो आणि संत्री कुठं आहेत असं विचारतो. संत्री निघाली होती, चांगली टोपलीभर. पण परतीचा प्रवास लांबचा आणि टोपली माझ्या पायाशी. तेव्हा त्याबद्दल कुणी अधिक चौकशी करू नये. त्याऐवजी जे पाहिलं ते सांगतो. माझी सांगायची रीत तुम्हाला ठाऊकच आहे, मुद्द्यावर यायच्या आत ऐकणाऱ्याचा चहा गार होतो. या खेपेला लवकर येतो, कारण यात हसण्यासारखं थोडं आहे आणि तेही बहुतेक माझ्याकडंच.

पुलगाव

माझी सासुरवाडी वर्धा जिल्ह्यात आहे हे आमच्या साताऱ्याकडच्या लोकांना अजून नीट पटलेलं नाही. माझे काका पुलगावला रेल्वेत होते. त्यांनी ऐन मे महिन्यात 'चार दिवस विश्रांतीला ये' म्हणून बोलावलं आणि परत पाठवताना लग्न ठरवून पाठवलं. त्या उन्हात माणूस कशालाही हो म्हणतो. कुसुमला मी हे अनेकदा ऐकवलं आहे. ती म्हणते, "मी तर त्या उन्हात वाढले होते, मग मी का हो म्हटलं याचा विचार करा." तो विचार मी अजून करतो आहे.

एरवी दर दिवाळीला माहेरी जायची बोलणी होतात आणि बोलण्यातच दिवाळी सरते. यंदा तिच्या भावाचा, नामदेवाचा, निरोप आला. गंगूबाई गेली, लहानूबाबा कुणाशी बोलत नाहीत. कुसुमनं तो निरोप ऐकला आणि मला न विचारता ट्रंक भरायला घेतली.

ही दोघं कोण ते आधी सांगून टाकतो. लहानूबाबा गावचे गायकी. गायकी म्हणजे गाणारे नव्हेत. गावातली सगळी गुरं सकाळी रानात नेऊन संध्याकाळी परत आणणाऱ्याला तिकडं गायकी म्हणतात. जातीचे गोवारी, गुरं राखणं आणि बासरी वाजवणं हे दोन्ही त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या. बासरीला ते पावा म्हणतात. गंगूबाई त्यांची बायको. त्यांचं एकही मूल जगलं नाही. कुसुम चार वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हापासून तिला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते या गंगूबाईंनी. म्हणजे मोजायचंच झालं तर माझी सासू तीच. लग्नात मला पहिल्यांदा पाहून त्या बाई कुसुमच्या कानात म्हणाल्या होत्या, "पोट्टी, जवाई गरीब दिसते, हाकलत जाजो." तेव्हापासून मी हाकलला जातो आहे.

पुलगावला मोठी गाडी सोडायची आणि आर्वीच्या छोट्या गाडीत बसून रोहण्याला उतरायचं. ही गाडी इतकी सावकाश जाते की शेजारच्या वाटेवरची बैलगाडी एकदा पुढं आणि एकदा मागं, अशी आमच्या सोबतीनंच चालली होती. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, पांढरी शेतंच्या शेतं. आमच्याकडं या दिवसांत ऊस उभा असतो, त्यातून पलीकडचं काही दिसत नाही. इथं नजर जाईल तिथवर जमीन दिसते आणि माणूस उगाच लहान होतो.

"आणीबाणीत तरी ही गाडी वेळेवर येत होती का?" मी समोरच्या गृहस्थाला विचारलं.

"तवा बी उशिराच ये," तो म्हणाला, "फक्त तवा कोनी विचारे नाई."

यावर मी हसलो, हसताना ठसका लागला, ठसक्यात शिंक आली आणि माझी कवळी समोरच्या म्हातारीच्या संत्र्यांच्या टोपलीत जाऊन पडली. माझ्या वरच्या जबड्यातले दात गेल्या वर्षापासून विकतचे आहेत. सगळा डबा त्या टोपलीकडं बघायला लागला. म्हातारीनं कवळी संत्र्यांतून उचलली, लुगड्याच्या काठाला पुसली आणि माझ्या हातात ठेवली.

"घ्या बाप्पा. रोहण्यापावतर तोंड मिटून बसजा, गाडी लय हालते."

कुसुम खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. निरोप आल्यापासून ती पहिल्यांदाच हसली, म्हणून मी त्या कवळीला काही बोललो नाही.

गाव

रोहण्याहून बैलगाडीच्या वाटेनं सासुरवाडी. पोचलो तेव्हा धनतेरसचे दिवे लागले होते. नामदेवाच्या बायकोनं ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि तिच्यावर बोटभर लाल तर्री असा बेत केला होता. आमच्याकडचं तिखट जिभेला लागतं. इकडचं कानांना लागतं. मी घाम पुसत जेवत होतो आणि नामदेव सांगत होता.

आषाढात एक कालवड नाल्याच्या चिखलात रुतली होती. लहानूबाबांनी तिला दावं लावून ओढली. ती निघाली, पण निघता निघता तिनं मान झटकली आणि शिंग बाबांच्या तोंडावर बसलं. तोंडात उरलेले पुढचे दातही गेले, वरचा ओठ फाटला. ओठ भरून आला तो वाकडाच. तेव्हापासून पाव्यातून सूर निघत नाही, नुसता वारा जातो. आणि श्रावणात गंगूबाईंना ताप भरला आणि त्या तापातच त्या गेल्या.

"आता पाडव्याचं संकट हाय भाऊजी," नामदेव म्हणाला. "गोधनाच्या दिवशी हे लोक ढाल उभी करतात. उंच बांबू, त्याले मोराची पिसं बांधलेली. त्याच्यात त्यायचे बापदादे येतात म्हनते. ज्याच्या घरचं मानूस त्या साली गेलं, त्यानं पावा वाजवून त्या मानसाले ढालीवर बलवाचं. नाई बलवलं तं थे मानूस सालभर शिवारात एकलंच राह्यते."

"मंग देवाजीले सांगा ना," कुसुम म्हणाली. पुलगाव आलं की ती अशीच बोलायला लागते आणि मी तिच्या घरात पाहुणा होतो. "थो चांगला वाजवते."

देवाजी शेजारच्या गावचा, लहानूबाबांच्याच हाताखाली शिकलेला. लग्नसराईत तो आर्वीच्या बँडमध्ये, वरातीच्या मोटारीपुढं, क्लॅरनेट वाजवतो.

"सांगतलं. बुढा म्हने, देवाजीच्या फुंकीले पेट्रोलचा वास येते. म्हने, गंगू माह्या पाव्याशिवाय कोनाच्या पाव्यावर आली हाय काय आजलग? थे वळखनारच नाई."

"पुढच्या वर्षी बोलावलं तर?" मी विचारलं.

नामदेवानं भाकर मोडली. "पुढच्या साली बलवाले बुढा पायजे ना."

मग जरा वातावरण हलकं करावं म्हणून त्यानंच एक गोष्ट सांगितली. एकदा बाबांना वर्ध्याला नेलं होतं, लोककलेचा कार्यक्रम होता. माईक, सतरंजी, पुढं खुर्च्यांवर मंडळी. बाबांनी दोन फुंका मारल्या आणि उठून उभे राहिले. साहेब धावत आले, काय झालं बाबा? बाबा म्हणाले, "इथी कोनी चरून नाई राह्यलं. कोनासाठी वाजवू?"

मी आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. माझ्या वाजवण्यानं समोरची मंडळी चरायला निघून जातात, त्यामुळं ही गोष्ट माझ्या मनाला लागली.

आखर

गावाबाहेर निंबाखाली सकाळी सगळी गुरं गोळा होतात, त्या मोकळ्या जागेला आखर म्हणतात. नरकचतुर्दशीला पहाटेची आंघोळ उरकून आम्ही तिथं गेलो. आमच्याकडं त्या दिवशी कारीट फोडायचं आणि फराळावर बसायचं, गुरांना कोण विचारतो. इथं प्रत्येक घरातून कुणी ना कुणी आपली गाय आखरावर आणून सोडत होतं आणि लहानूबाबा एकेकीच्या पाठीवर हात टेकवून तिला आत घेत होते.

मी त्यांना लग्नानंतर दोन-चारदाच पाहिलं होतं. तेव्हाही ते बारीक होते, आता तर धोतरात काठी उभी केल्यासारखे. कमरेला पावा खोचलेला होता तसाच. वाजत नव्हता तरी होता.

कुसुम पाया पडली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"आलीस माय?" दात नसल्यानं शब्द जाड येत होते. "तुही बुढी गेली ना."

एवढंच म्हणाले आणि पाठ फिरवून एका गाईच्या गळ्यातलं दावं उगाच सैल करायला लागले. ते सैलच होतं.

दुपारी गुरं नाल्यावर बसली की बाबा घटकाभर घरी येतात. त्या वेळी कुसुमनं त्यांच्यासाठी दुधात कुस्करलेली भाकर नेली, मागोमाग मी. त्यांच्या अंगणात तुळस, एक मोठा गोटा आणि भिंतीशी चूल. चुलीत राख नव्हती. ती कधीपासून पेटली नव्हती ते विचारावंसं वाटलं नाही.

मला अशा वेळी गप्प बसता येत नाही. माझ्या मनात सकाळपासून एक कल्पना घोळत होती. आता ती कल्पना सांगताना मला लाज वाटते, पण त्या क्षणी ती मला फार तल्लख वाटली होती. मी म्हणालो, "बाबा, दातांचाच प्रश्न असेल तर दात आहेत."

आणि कवळी काढून, लोट्यातल्या पाण्यानं धुऊन त्यांच्यापुढं धरली.

कुसुमनं कपाळावर हात मारला. लहानूबाबांनी मात्र ती गंभीरपणे घेतली, उलटी केली, सुलटी केली. "कोनाची हाय?"

"माहीच." गडबडीत मीही वऱ्हाडी बोललो.

"मंग तुमी कायनं खासान?"

"मी थांबेन पाडव्यापर्यंत. तुमच्याकडचं तिखट नाहीतरी गिळावंच लागतं."

बाबांनी कवळी तोंडात बसवली. ती त्यांच्या जबड्याला दोन माणसांचा सदरा एकानं घातल्यासारखी झाली. त्यांनी पावा उचलून ओठाशी नेला, फुंक मारली आणि कवळी पाव्याच्या आधीच बाहेर आली. मी ती हवेत झेलली. मीही बोळका, तेही बोळके. एकमेकांकडं बघितलं आणि दोघंही जे हसत सुटलो ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कुसुम म्हणाली, "काय हे दोघं बुढे! गंगूमाय असती तं दोघायलेही झाडूनं हाकललं असतं."

बाबांचं हसू थांबलं. डोळ्यांतलं पाणी थांबलं नाही.

आर्वी

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. सकाळच्या एसटीनं मी बाबांना आर्वीला घेऊन गेलो, गुरांमागं त्या दिवशी नामदेव गेला. कवळीच्या बाबतीत मी स्वतःला तज्ज्ञ समजतो, त्यामुळं दातांच्या डॉक्टरांशी बोलायला मीच योग्य असं मीच ठरवलं होतं. कुसुमनं विरोध केला नाही. दिवाळीच्या दिवशी मी घरात फराळाच्या डब्यांपासून लांब राहतोय हे तिला पुरेसं होतं.

बाजारात कापसाच्या गाड्या उभ्या होत्या आणि फटाक्यांच्या आवाजानं बैल बिचकत होते. बाबा प्रत्येक बिचकणाऱ्या बैलापाशी थांबत होते. तोंडानं काहीतरी पुटपुटायचे, बैल कान हलवायचा, मग पुढं. एसटी स्टँडपासून दवाखाना जवळच होता, पण पोचायला आम्हाला चांगला वेळ लागला.

डॉक्टर तरुण होता, घाईत होता, तरी सभ्य होता. त्यानं बाबांना खुर्चीत बसवलं, दिव्याचा उजेड तोंडात पाडला, बघितलं.

"दात बसतील. माप घेऊ, दिवाळीनंतर दोन-तीनदा यावं लागेल."

"उद्या पाडव्याला हवेत हो," मी म्हणालो. "त्यांना बासरी वाजवायची आहे."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं, मग बाबांच्या वरच्या ओठावर बोट ठेवलं, जिथं तो फाटून जुळला होता. "काका, दातांचं जमवता येईल. पण ही खाच बघा. ओठ इथं मिटतच नाही. दात असले तरी हवा इथून निसटणार. घाई करून उपयोग नाही."

मी आणखी काही विचारणार होतो. पण तोवर बाबा खुर्चीतून उठले होते. त्यांनी डॉक्टरला हात जोडले, "डागदरसायेब, तुमी खरं बोलले," आणि बाहेर निघाले.

आम्ही परतीची एसटी धरली. गाव यायच्या बरंच आधी, रान लागलं तसे त्यांनी कंडक्टरला सांगून गाडी थांबवली. "तुमी जा गाडीनं जवाईबापू. मी रानातून येतो." मला त्यांना एकटं सोडवेना. मी उतरलो आणि उतरल्याबरोबर बोरीच्या काट्यात धोतर अडकवून घेतलं. ते सोडवण्यात बाबांचा राग की दुःख, जे होतं ते, थोडं निवळलं.

ते रान म्हणजे दाट जंगल नव्हे. पळस, बोर, मधूनच एखादा सागाचा जथा. बाबा चालताना बोलायला लागले, माझ्याशी थोडं आणि झाडांशी थोडं. एका मोहाच्या झाडापाशी थांबून त्यांनी पागोट्याच्या टोकातून भाकरीचा तुकडा सोडला आणि बुंध्याशी ठेवला.

"हे कुणासाठी?"

"ज्याची जागा हाय थ्याच्यासाठी. आपुन त्याच्या घरातून रोज जातो, रिकाम्या हातानं कसं जाव?"

"दिसतो तो?"

"मले कायले दिसन? मी का देव हाय?" मग जरा थांबून म्हणाले, "पावा वाजवताना मांगं उभा राह्यते असं वाटे. आता नाई वाटत."

कमरेचा पावा त्यांनी माझ्या हातात दिला. हाताच्या घामानं काळा, गुळगुळीत. हिरवा बांबू ते कधी तोडत नाहीत, म्हणाले. उभ्यानं वाळलेला शोधायचा. हिरवा तोडला तर तो पाव्यात रडत राहतो. मी फुंकून बघितला. माझी कवळी किंचित खडखडली, बाकी काही झालं नाही.

"इथून सुरू कराचा," बाबा मोहाकडं बोट करून म्हणाले. "गाई पुढं, मी मांगं. इथून उतार हाय, उतारावर फुंक लांब. मधात दम घ्याचा नाई. मंग नाला. नाल्यात गोटे हायेत, पायाखाली पाहा लागते, तवा चूप. पल्ल्याड चढलं का पुना. आपला निंब दिसला का बारीक कराचा. आन् दारात आलं का सोडून द्याचा."

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की बाबा मला त्यांची चाल शिकवत होते. ती रानापासून घरापर्यंतची वाट होती. इतकी वर्षं रोज संध्याकाळी ते ही वाट वाजवत घरी येत होते.

"आन् थे ऐके," बाबा म्हणाले. "उतारावर ऐकू आलो का पीठ मळे. नाल्यात मी चूप झालो का तवा ठेवे. इतले वर्स झाले, माही भाकर कधी गार नाई झाली. दात गेले तवापासून मी नाल्यातून आरोळी देत होतो. तं म्हने, आरोळी कोनाची बी असते, मले उगीच दचकाले होते. तुमी आपले चूपचाप येत जा."

मी पेटीवाला माणूस, मला एक गोष्ट राहवेना. "पण बाबा, दारात आल्यावर चाल अशी मधेच सोडायची? शेवट कुठं होतो?"

"शेवट कायचा?" त्यांना माझा प्रश्न कळलाच नाही. "दारात आलो का थे म्हने, हात धुवा."

नाल्यात उतरलो. पाणी घोट्यापर्यंत. बाबा गोट्यांवरून न बघता गेले, मी बघून गेलो तरी घसरलो. पलीकडं चढून आल्यावर निंब दिसला, गावातला धूर दिसला. बाबांनी पावा ओठाशी नेला नाही. कमरेला खोचला.

गोधन

पाडव्याला सकाळपासून आखरावर सगळा गाव. गाईबैलांची शिंगं रंगवलेली, अंगावर गेरूचे ठसे, कपाळाला मोरपीस. मधोमध शेणाचा गोवर्धन घातलेला, त्यावर झेंडूची फुलं. गुरं त्याच्यावरून पळवतात. मग ज्यांची लेकरं आजारी असतात त्या बाया ती लेकरं त्या तुडवलेल्या शेणात क्षणभर निजवतात आणि उचलून घेतात. आमच्याकडं पाडव्याला नवऱ्याला ओवाळून त्याच्याकडून काहीतरी काढून घेतात. या दोन चालींत कोणती बरी ते मी कुसुमला विचारलं नाही.

मग डफ वाजायला लागले आणि ढाल आली. पिसांचा झुबका ऊन लागून निळा-हिरवा होत होता. गोवाऱ्यांतले म्हातारे आपल्या बापदाद्यांची नावं घेऊन एकेकाला बोलवू लागले. प्रत्येक नावाला डफाची थाप. शेवटी एका म्हाताऱ्यानं हात वर केला, डफ थांबले.

"गंगू, लहानूची."

लहानूबाबा पुढं आले. आज त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. त्यांनी ढालीपुढं जमिनीला हात लावला, पावा ओठाला लावला आणि फुंक मारली.

वारा गेला. सुकलेल्या पानातून जातो तसा. त्यांनी ओठ बोटानं दाबून धरला आणि पुन्हा फुंकलं. पुन्हा वारा. गुरांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या ऐकू येत होत्या. ते थांबले नाहीत. बोटं हलत राहिली, नुसत्या वाऱ्यावर ती उताराची लांब फुंक त्यांनी ओढली, आणि मधेच श्वास संपून खोकत वाकले.

"लहानू, ठेव आता," एक म्हातारी म्हणाली. "तुही गंगू समजून घेईन."

"थे काय समजते मले माहीत हाय," बाबा म्हणाले. आवाज चढला होता. "थे वाट पाहून राह्यली असन, आन् तुमी म्हनता ठेव!"

कुसुमनं माझा दंड धरला होता, बांगड्या रुतत होत्या.

तेव्हा गर्दीतून देवाजी आला. टेरिलीनचा शर्ट, केसांना तेल, बँडवाल्याचा थाट. मला वाटलं, आता हा पावा मागणार आणि बाबा त्याला हाकलणार. तो बाबांच्या शेजारी येऊन उभा राहिला, अगदी खांद्याला खांदा लावून.

"काका, पावा तुमीच धरा. बोटं तुमचीच राहू द्या. मी फक्त फुकतो."

बाबांनी त्याच्याकडं बघितलं, मग ढालीकडं. हातातला पावा त्यांनी थोडा आडवा सरकवला, देवाजीच्या तोंडापर्यंत.

दोन माणसांनी एक पावा वाजवताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. पाहायला ते विचित्रच दिसतं. एकाचं तोंड, दुसऱ्याचे हात, दोघांचे पाय एकमेकांत. पहिला सूर निघाला तो किंचाळल्यासारखा. गाईंनी माना वळवल्या. मग बोटं पडायला लागली आणि चाल सुरू झाली. देवाजीनं त्याच्या सवयीनं मधेच दम घेतला. बाबांनी त्याला कोपरानं ढोसलं.

"इथी दम नको घेऊ. उतार हाय."

पुन्हा सुरुवातीपासून. यावेळी देवाजीनं लाल होईपर्यंत फुंक ओढली. उतार संपला तरी तो वाजवतच होता.

"चूप! नाला लागला."

देवाजी चूप. सगळं आखर चूप. त्या शांततेत बाबा खाली बघत होते, जमिनीकडं, जणू पायाखाली खरंच गोटे आहेत. मग त्यांनी मान वर केली, देवाजीला खूण केली आणि चाल पलीकडं चढली. निंब दिसल्यावर बारीक झाली. आणि जिथं कुणालाही अजून बरंच काही येईल असं वाटावं तिथं बाबांनी पावा देवाजीच्या तोंडावरून काढून घेतला.

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. "बलावनं झालं," कुणीतरी म्हणालं. डफ पुन्हा कडाडले, पोरं नाचायला लागली, देवाजी कपाळावरचा घाम पुसत बाबांच्या पाया पडला. बाबांनी त्याला जवळ घेतलं. "पेट्रोलचा वास नाई आला," ते म्हणाले. देवाजी हसला आणि त्यानं तोंड फिरवून डोळे पुसले.

दार

दिवस मावळताना कुसुम दुधात कुस्करलेली पुरणपोळी घेऊन बाबांकडं गेली. तिच्यामागून मी. आम्ही दुसऱ्या दिवशी निघणार होतो. बाबा घरात खाटेवर बसले होते. त्यांनी ताटली घेतली, दोन घास खाल्ले आणि खाली ठेवली.

"कुसुम, तू इथीच वाढली. माहा पावा तू चुलीपासी बसून तिच्यासंगं ऐकला. आज कसा वाटला?"

मी तिच्याकडं बघून मान हलवली, भुवया उडवल्या, म्हण ना चांगला वाटला म्हणून. इतक्या वर्षांच्या संसारात माझी एकही खूण तिनं मानलेली नाही.

"बोटं तुमची होती, बाबा," ती म्हणाली.

"आन् फुंक?"

"फुंक तुमची नव्हती."

मला वाटलं, बाबा आता कोसळतील. त्यांनी सावकाश मान हलवली, हिशेब पटल्यासारखी.

"मले बी तसंच वाटलं. बोटं वळखून थे आली असन. पन दारापावतरच. परक्या मानसाची चाहूल लागली तं थे आत नाई ये. पयलेपासून तशीच हाय."

कुसुमनं तोंडाला पदर लावला. बाबा उठले. खाटेवरचं घोंगडं त्यांनी काखेत घेतलं आणि उंबऱ्याबाहेर निघाले.

"बाबा, बाहीर थंडी पडते आता," कुसुम म्हणाली.

"पडू दे. बाहीर थे एकली कायले बसन?"

त्यांनी दाराशेजारी भिंतीला लागून घोंगडं अंथरलं. ते चांगलं रुंद होतं. त्याच्या एका कडेला सरून ते बसले.